दोन बोटं फट

२ फेब्रुवारी

वीज खात्याच्या अर्जासोबत 'कंपनीचा इतिहास, एका पानात' मागितला आहे. सकाळपासून लिहितेय आणि फाडतेय. पहिल्या खर्ड्यात अण्णा संत वाटत होते, दुसऱ्यात आमचा कारखाना म्हणजे एखादं संस्थान वाटत होतं, आणि पुढचा वाचताना मलाच जांभया यायला लागल्या. शेवटी म्हटलं, खरं काय ते आधी आपल्या वहीत लिहू, खात्याचं मग बघू.

खरं एवढंच. माझे वडील, ज्यांना घरात आणि कारखान्यात सगळेच अण्णा म्हणतात, तरुणपणी एका भाड्याच्या गाळ्यात जळक्या मोटारी दुरुस्त करायचे. मोटारींच्या मागोमाग जळके ट्रान्सफॉर्मर यायला लागले. अण्णा ते उघडायचे, आतल्या कॉइलचे वेढे मोजायचे, तशीच नवी कॉइल गुंडाळायचे, टाकीत सोडून तेल भरायचे. असं पुष्कळ झाल्यावर त्यांच्या मनात आलं, आतलं सगळं आपणच करतोय तर टाकी तेवढी दुसऱ्याची कशाला? आणि त्यांनी पलीकडच्या रस्त्यावरच्या बर्फाच्या कारखान्याला पहिला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर करून दिला. तो अजून चालतोय.

शिकवायला कोणी नव्हतं. त्यामुळे आमच्याकडची काही मापं जगात कुठे नाहीत. कॉइल आणि टाकीचा पत्रा यांच्यात तेलाची फट लागते, ती कमी पडली तर वीज सरळ पत्र्यावर उडी मारते. ही फट किती? आमच्याकडे उत्तर एकच, दोन बोटं. अण्णांची. कॉइल टाकीत उतरली की अण्णा चारही बाजूंनी दोन बोटं घालून बघतात आणि ओरडतात, "बसलं!" तोपर्यंत वस्ताद, म्हणजे आमचे फोरमन, कॉइल टांगलेली साखळी सोडत नाहीत.

हे खात्याला कसं लिहू?

पण अर्ज करायचाच. आजवर आम्ही लहान ट्रान्सफॉर्मर केले, तेही ओळखीपाळखीच्या कारखान्यांसाठी. ते दिवस सरत आलेत, कित्येक महिन्यांत नवी मागणीच नाही. खात्याच्या यादीत नाव लागलं तर मोठे करता येतील. नाही लागलं तर दादा, माझा मोठा भाऊ, म्हणतो तसं होईल. एका बड्या कंपनीला आमचा कारखाना गोदामासाठी हवाय. मग वस्तादांनी काय खोकी मोजायची? यादीसाठी नवा मोठा ट्रान्सफॉर्मर चाचणी केंद्रात न्यायचा. तिथे त्याच्यावर खोटी वीज पाडतात. खोटी म्हणजे माणसाने बनवलेली, तडाखा अगदी खरा.

८ फेब्रुवारी

आज मी इतिहास घडवला.

नव्या ट्रान्सफॉर्मरची ड्रॉइंग मीच काढतेय. इंजिनिअर होऊन मी काय दिवे लावले असं आत्या विचारते, तर हे घ्या दिवे. सगळी मापं मिलिमीटरमध्ये, कागदावर, सहीसकट. फक्त फट राहिली होती. व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरपर्यंत माप घेणारी चिमट्याची पट्टी, घेऊन अण्णांच्या टेबलापाशी गेले आणि म्हटलं, "हात पुढे करा."

"का? छडी मारणार आहेस?"

"दोन बोटांचं माप घ्यायचंय. उद्या तुम्ही गावाला गेलात तर फट कोण मोजणार?"

"एवढी वर्षं कारखाना या बोटांवर चाललाय," अण्णा वस्तादांना म्हणाले, "आणि आता पोरगी पावती मागतेय." पण हात पुढे केला. घड्याळ कोपराकडे घसरलं ते त्यांनी पुन्हा खाली ओढलं. पट्टा सैल झालाय, बदलून आणायला हवा.

चौतीस मिलिमीटर. पुस्तकात किमान जेवढं सांगितलंय त्यापेक्षा थोडं जास्तच भरलं. न शिकता हा माणूस बरोबर पुस्तकाच्या वर थांबला याचं मला इतकं कौतुक वाटलं की मी ते तोंडावर बोलूनही दाखवलं. अण्णा लाजले आणि पाणी प्यायला उठले.

१७ फेब्रुवारी

दादा आला होता. वर्षातून एकदोनदा येतो आणि आला की भिंतींकडे अशा नजरेने बघतो, जणू मापं घेतोय.

जेवताना विषय काढलाच. "अण्णा निम्मे राहिलेत. खंगलेत पार. तुला दिसत नाही?"

मी म्हटलं, "रोज बघणाऱ्याला दिसत नाही आणि पाहुण्याला दिसतं, वा! अण्णा थकले म्हणजे कारखाना विकायला मोकळा, असंच ना?"

"मी कारखान्याचं बोलतच नाहीये."

"तू दुसरं कशाचं बोललायस कधी?"

अण्णा मध्ये पडले नाहीत. ते आत्याच्या भाजीत मीठ जास्त झालंय म्हणून ताट बाजूला सारून उठले होते. आत्या, म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, घर तिचं आणि कारखान्यातलं कॉइल गुंडाळायचं खातंही तिचंच. तिने भाजी चाखून बघितली आणि अण्णांचं ताट उचलून आत नेलं.

दादा गेल्यावर हायसं वाटलं. खंगलेत म्हणे.

२५ फेब्रुवारी

अण्णा आज पत्र्याला भोकं पाडायच्या मशीनपाशी उभे राहून स्वतःच्या कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडत होते. कारखान्याची मालमत्ता खाजगी कामाला वापरल्याबद्दल मी त्यांना दम दिला. खूप हसलो.

४ मार्च

टाकी आली. पूर्वीच्या मापांच्या टाक्या जुन्या पत्र्याच्या साच्यांवर कापतात. या मापाला साचा नाही, म्हणून टाकी पहिल्यांदाच माझ्या ड्रॉइंगवर बेतली. टाकीवाल्याने ड्रॉइंग उलटंसुलटं धरून बघितलं आणि म्हणाला, "ताई, यात चूक निघाली तर मला शिव्या घालायच्या नाहीत, आधीच सांगतो."

मी म्हटलं, "चूक निघाली तर मला घाल."

११ मार्च

आज कॉइल टाकीत उतरली. सगळे आपापलं काम सोडून गोळा झाले. अण्णांनी बाही वर केली, चारही बाजूंनी बोटं घातली. कुठेही कोंबावी लागली नाहीत. "बसलं!"

आवाज नेहमीसारखा घुमला नाही. नंतर ते तेलाच्या पिंपावर बराच वेळ बसून होते. एवढा मोठा ट्रान्सफॉर्मर स्वतःच्या कारखान्यात बघून माणसाचा गळा भरून येणारच. मी त्यांना एकटं सोडलं.

२० मार्च

नापास.

चाचणी केंद्रात आम्ही काचेआड उभे होतो, मी, अण्णा, वस्ताद. लहान तडाखे सहज झेलले. वस्तादांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मग पूर्ण तडाखा. आवाज फार मोठा नव्हता, बंद पेटीत कोणी जोरात टिचकी मारावी तसा. पण पडद्यावरची विजेच्या दाबाची रेघ, जी टेकडीसारखी उतरायला हवी होती, ती कड्यावरून पडल्यासारखी खाली आली. परीक्षकबाई चांगल्या आहेत. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "आत वीज उडाली हो."

उघडून बघितलं. टाकीच्या आतल्या बाजूला तीळभर काळा डाग, आणि त्याच्या बरोबर समोर कॉइलवर दुसरा. बस, एवढंच.

परीक्षकबाईंनी वही चाळून मे महिन्यातली एक तारीख दिली. त्यानंतर खात्याची यादी बंद होईल.

परतताना अण्णांनी दोनदा गाडी थांबवायला लावली आणि उतरून गेले. मला वाटतं, त्यांना आमच्यासमोर रडायचं नव्हतं. कारखान्याच्या फाटकाशी आल्यावर मात्र खणखणीत म्हणाले, "नवा बांधू. उद्यापासून."

मलाही दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून बरं झालं.

२२ मार्च

दादाचा फोन. बडी कंपनी अजून तयार आहे म्हणाला. मीही तयार आहे म्हटलं, फोन ठेवायला.

२८ मार्च

कारण सापडत नाहीये. तेल पुन्हा तपासलं, कोरडं आणि स्वच्छ. पत्र्याला आतून कुठे खरखर नाही. ड्रॉइंग चारदा पडताळलं. टाकीवाल्याने अगदी माझ्या मापाबरहुकूम काम केलंय, त्याला शिव्या घालायचीही सोय नाही. उरला कॉइलवर गुंडाळलेला, वीज अडवणारा कागद, आणि तो आत्याच्या हातचा.

फार जपून विचारलं, तरी व्हायचं ते झालंच. आत्याने कात्री टेबलावर ठेवली. "माझ्या कागदावर संशय? तुझ्या जन्माआधीपासून गुंडाळतेय मी."

"संशय नाही गं, नुसतं विचारतेय. कुठे कमी पडला असेल का?"

"घरी तो माझ्या जेवणाला नावं ठेवतो, इथे तू माझ्या हाताला ठेव. ताट तसंच टाकून उठतो आणि वर जगच्या जग पाणी ढोसतो. तेही माझंच चुकतं ना?"

एवढं बोलून माझ्या नावाने बोटं मोडत ती सुताची रिळं रचायला लागली. मी माफी मागितली. भावा-बहिणीच्या भांडणात मला खेचायचं कारण नव्हतं, असं मनात आलं.

तिने कॉइलबद्दल एक गोष्ट सांगितली ती मात्र लिहून ठेवते. हाताने गुंडाळलेली कॉइल मशीनवरच्यासारखी ताठ होत नाही, तिला मध्ये थोडं पोट सुटतंच. "तुझ्या पुस्तकातल्या कॉइलला पोट नसेल. आपल्याकडच्या सगळ्या कॉइलींना आहे. ते धरूनच तर अण्णा ऐसपैस फट ठेवायचा."

ऐसपैस? चौतीसला कोणी ऐसपैस म्हणेल का? तिला आकडे कळत नाहीत असं म्हणून मी सोडून दिलं.

३ एप्रिल

बर्फाच्या कारखान्यातला तो पहिलावहिला ट्रान्सफॉर्मर तेल बदलायला आणलाय. त्यांची मशीनं बंद आहेत तोवर उरकून द्यायचा. वस्तादांनी त्याच्या टाकीवर अशी थाप मारली, जणू शाळेतला मित्र भेटला. उद्या उघडतील.

४ एप्रिल

कसं लिहू कळत नाही. क्रमाने लिहिते.

तेल काढून टाकी उघडली. आत अण्णांचं तरुणपणचं काम, पट्टीने आखल्यासारख्या गाठी. मी सहज, नुसती गंमत म्हणून, फटीत व्हर्नियर घातलं.

बेचाळीस.

दुसरी बाजू, बेचाळीस. मागची, एक्केचाळीस आणि वर थोडं. मला वाटलं, पहिला होता, हात बसला नसेल. मग दुरुस्तीच्या शेडमधला मधल्या काळातला एक उघडायला लावला. बेचाळीस. मी गोंधळून टाकीवाल्याकडे निरोप धाडला, जुने साचे काढ आणि फटीचा हिशोब सांग. त्याचंही उत्तर तेच आलं.

म्हणजे दोन बोटं म्हणजे बेचाळीस. कायमच. मग मी मोजली ती चौतीस कुणाची?

व्हर्नियर हातात तसंच धरून मी ऑफिसात गेले. अण्णा खुर्चीत बसले होते, खाली उशी घेऊन, कारण खुर्ची टोचते म्हणतात. खिडकीतून भरपूर ऊन येत असूनही अंगात स्वेटर. टेबलावर पाण्याचा जग, रिकामा. मी त्यांचा हात हातात घेतला. हा हात मला आठवतो तो जाडजूड. त्याची दोन बोटं पकडून मी रस्ता ओलांडायला शिकले, आणि माझी मूठ त्यांच्याभोवती पुरी मिटायची नाही. आज मिटली. मिटून वर जागा उरली.

मनगटावरचं घड्याळ कोपराकडे गेलं. पट्टा सैल झाला नव्हता.

अण्णा म्हणाले, "काय गं? पुन्हा माप?"

भोकं पाडलेला पट्टा, ताट, पाणी, गाडीतून उतरणं, सगळं एकदम समोर आलं. दादाने एका जेवणात जे बघितलं ते मी रोज बघत होते आणि त्यावर विनोद करत होते. मिलिमीटरपर्यंत मोजूनही मला दिसलं नाही. मी स्वतःवर इतकी संतापले होते की रडूही येईना.

"चला," मी म्हटलं. "डॉक्टरकडे."

"मला काय झालंय?"

"आठ मिलिमीटर झालंय."

५ एप्रिल

साखर. इतकी की डॉक्टरांनी मशीन बदलून पुन्हा मोजली. पुष्कळ महिने अंगावर काढलंय म्हणाले. वेळेत आणलंत असंही म्हणाले, पण तसं ते सगळ्यांनाच म्हणत असतील. औषधं, इंजेक्शनं, वेळच्या वेळी जेवण. अण्णांना चारपाच दिवस तिथेच ठेवून घेतलंय.

आत्या खाटेशेजारी बसून रडली आणि रडता रडता त्यांना झापलं. "मीठ जास्त होतं का रे भाजीत? होतं का?" अण्णांनी शहाण्या मुलासारखी नकारार्थी मान हलवली.

दादाला फोन केला. "तू बरोबर होतास."

तो घाबरून म्हणाला, "विकायचा ठरला?"

"विकायचा नाही. अण्णांबद्दल बरोबर होतास. मीच आंधळी."

मग म्हणाला, "मी येतो. आणि हे बघ, मी तेव्हाही कारखान्याचं बोलत नव्हतो."

या वेळी मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

१२ एप्रिल

नवी टाकी कापायला दिली. फट बेचाळीस, आत्याच्या कॉइलचं पोट धरून. सुताराकडून सागवानाचा एक ठोकळा करून घेतला, नेमका त्या मापाचा. आता कोणाचीही बोटं लागणार नाहीत. वस्तादांनी त्याचं नाव 'अण्णांची बोटं' ठेवलं आणि तो घेऊन आम्ही अण्णांना घरी दाखवायला गेलो.

अण्णांनी ठोकळा उलटापालटा करून बघितला, वास घेतला. "म्हणजे मी आता लाकडाचा."

"तू लाकडाचा असतास तर बरं होतं," आत्या भाकरीचा एक तुकडा त्यांच्या ताटात वाढत म्हणाली, "आटला नसतास."

दादा राहिलाय. दिवसभर आत्यासमोर कॉइलला ताण धरून उभा असतो आणि संध्याकाळी खांदे चोळत बसतो. भिंतींकडे बघायला त्याला फुरसत नाही.

३० एप्रिल

आज नवी टाकी, नवी कॉइल. अण्णा आले. डॉक्टरांची परवानगी त्यांनी घेतली की नाही हे मी विचारलं नाही.

वस्तादांनी ठोकळा चारही बाजूंनी फिरवून घेतला. सगळीकडे अलगद, नेमका बसला. तरी साखळी सोडेनात. त्यांचे डोळे अण्णांकडे. सवय कुठे जाते?

अण्णा पुढे झाले. बाही वर केली, दोन बोटं घातली. बोटं फटीत इकडून तिकडे हलली. सगळ्यांना दिसलं. चारही बाजूंनी फिरले, हात पुसला आणि म्हणाले, "सैल आहे."

"ठोकळा बसलाय, अण्णा," मी म्हटलं.

"ठोकळा बसलाय ना? मग सोडा साखळी. काम चोख आहे." मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "पण मी बसलं म्हणणार नाही. बोट बसल्याशिवाय मी तो शब्द आजवर उच्चारला नाही. त्या दिवशी उच्चारला, तो बोटांनी मला फसवलं म्हणून."

साखळी सुटली. त्या शब्दाशिवाय आमच्या कारखान्यातून बाहेर पडलेला हा पहिलाच ट्रान्सफॉर्मर.

१४ मे

पास!

लहान तडाखा, मोठा तडाखा, पुन्हा मोठा. दर वेळी रेघ टेकडीवरून पोरं उतरतात तशी सावकाश खाली आली. परीक्षकबाईंनी रेघा एकावर एक ठेवून बघितल्या, काचेवर धरून बघितल्या. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. दादाने भर केंद्रात मला उचललं आणि वस्तादांनी तोंड फिरवून नाक पुसलं. अण्णांना फोन लावला तर आत्याने उचलला. ते जेवतायत, जेवताना उठू देणार नाही, म्हणाली. इतिहासातली सगळ्यात मोठी बातमी मी आमटीच्या वाटीपुढे ताटकळत ठेवली.

खात्याचं पानही आज एका बैठकीत लिहून झालं. त्यात 'दोन बोटं' तसंच ठेवलंय.

२६ मे

यादीत नाव लागलं. बड्या कंपनीला नकार दादानेच कळवला, माझ्याकडून मसुदाही तपासून घेतला नाही.

२ सप्टेंबर

बऱ्याच दिवसांनी वही उघडली. उसंतच नाही. खात्याच्या मागणीतले ट्रान्सफॉर्मर एकामागून एक चाललेत. टाकीवाल्याने या मापाचाही साचा करून टाकला, माझं ड्रॉइंग आता त्याच्या भिंतीवर नुसतं शोभेला आहे.

अण्णा अर्धा दिवस येतात. साखर ताब्यात आहे. आत्या त्यांचं ताट रिकामं झालं की ते उचलून मला दाखवते, परीक्षेचा निकाल दाखवावा तसं. पट्ट्याची भोकं एकेक करून मागे गेलीत. दर कॉइल उतरली की ते येतात, बोटं घालतात, "सैल," म्हणतात आणि जातात. वस्ताद ठोकळ्यावर साखळी सोडतात. त्या "सैल"चीही आम्हाला सवय होत चालली होती.

आज त्यांनी बोटं घातली आणि पुढे सरकले नाहीत. मला वाटलं, चक्कर आली. मी धावले. अण्णा खाली वाकून आपल्याच हाताकडे बघत होते. मग त्यांनी बोटं किंचित ओढली. ती सहज निघाली नाहीत. दुसरी बाजू. तिसरी. चौथीला त्यांनी हात तसाच आत ठेवला आणि मान वर केली. गुंडाळायच्या खात्यातून आत्याही दारात येऊन उभी होती.

"बसलं!"

आवाज पार पत्र्याच्या छपरापर्यंत गेला. वस्तादांनी साखळी सोडली. मी रडले, सगळ्यांदेखत, आणि अण्णा आपली तेलकट बोटं माझ्या गालाला पुसत म्हणाले, "काय गं, आता माप नाही घ्यायचं?"